खांदेपालट

राजेश्वराशी माझा अबोला होता. अकोल्यात राहून ग्रामदैवत राजराजेश्वर महादेवाशी अबोला धरणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. त्यात आमचं घर फुलांचं. शहराबाहेरच्या तुकड्यात बाबा झेंडू, शेवंती, गुलाब लावतात, आई ओसरीवर बसून हार करते, आणि सकाळचा पहिला हार राजेश्वराला गेला की मगच आमची बोहनी होते. त्या पहिल्या हाराला मी हात लावणं बंद केलं होतं. लग्नाचे हार करायचे, सत्काराचे करायचे, पुढाऱ्यांचे तर जाडजूड करायचे, पण त्याचा नाही. आईनं एक-दोनदा सुई माझ्यापुढं धरली, मी उठून आत गेले. असे अनुभव सांगणारी माणसं बहुधा श्रद्धेपासून सुरुवात करतात. माझ्याकडं त्या दिवसांत श्रद्धा नव्हती, राग होता, आणि तो मी चांगला जपून ठेवला होता. तेव्हा रागापासूनच सांगते.

मी जिम्नॅस्ट होते. ‘होते’ म्हणताना आता जीभ अडखळत नाही, तेव्हा अडखळायची. लहान असताना शाळेच्या मैदानातल्या झोपाळ्याच्या वरच्या दांड्याला मी उलटी लटकले होते, तेव्हा पीटीच्या सरांनी आधी माझा कान पिळला आणि मग बाबांना बोलावून सांगितलं, हिला अमरावतीला पाठवा. अमरावतीला राजापेठेत माझी मावशी राहते. खाली ट्यूशन क्लास, वर मावशीच्या दोन खोल्या, आणि दारात गाडी लावण्यावरून दिवसभर चाललेली भांडणं. त्या घरात मी वाढले. सकाळ-संध्याकाळ व्यायामशाळा, मधे शाळा, पुढं कॉलेज. सुटीत सगळ्या मैत्रिणी चिखलदऱ्याला गेल्या तरी मी त्या हॉलमध्ये. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला तेच हवं होतं.

माझा प्रकार दोन बारचा. एक बार उंच, एक ठेंगणा, आणि एकावरून सुटून दुसरा पकडायचा. मधे क्षणभर तुम्ही कशालाच धरलेलं नसतं. बघणाऱ्याला वाटतं, पकडणं अवघड असेल. पकडायला हात आपोआप जातात. अवघड असतं ते सोडणं. लवकर सोडलं तर पुढचा बार हाताला लागत नाही, उशिरा सोडलं तर हाच बार तुम्हाला खाली आपटतो. आमचे सर बाकी फार बोलायचे नाहीत, पण त्या वेळी खाली उभं राहून एकच शब्द ओरडायचे, “सोड!” माझं अर्धं आयुष्य त्या एका शब्दावर झुललंय.

देशाच्या संघाच्या शिबिरासाठी माझं नाव आलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी पडले. रोजचाच सराव, रोजचाच झोका. सर ओरडले, मी ऐकलं, आणि हात उघडले नाहीत. का उघडले नाहीत ते मला आजही सांगता येत नाही. गादीवर आधी मान टेकली आणि मग बाकीची मी. छताचे पत्रे दिसत होते, सर वाकून काहीतरी विचारत होते, आणि पाय कुठं आहेत ते मला कळत नव्हतं. तेव्हा मी देवाला हाक मारली, हे खरं आहे. शहाण्यासारखं काही मागितलं नाही. फक्त “पाय दे, पाय दे” एवढंच म्हणत होते.

पाय मिळाले. ऑपरेशन झालं, गळ्यात पट्टा आला, मला अकोल्याला घरी आणलं. पण डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली, मानेतल्या एका जागी बोट ठेवलं आणि सांगितलं, चाला, फिरा, लग्न करा, संसार करा. बारवर चढायचं नाही. पुन्हा असं पडलात तर हात आणि पाय दोन्ही जातील. डोक्या-खांद्यावर ओझं घ्यायचं नाही, आणि कधी हाताला मुंग्या आल्या तर हातात असेल ते तिथंच टाकून बसायचं. आईनं तिथंच पदराला डोळे पुसले आणि देवाचे आभार मानले. तिला पोरगी चालती मिळाली होती. मला मात्र वाटलं, यानं मला पाय दिले आणि बाकी सगळं काढून घेतलं. अबोला सुरू झाला तो तिथून.

घरी बसून माझे हात मऊ व्हायला लागले. बार धरून धरून तळव्याला घट्टे पडलेले असतात, ते कांद्याच्या सालीसारखे सुटायला लागले. आई एकदा माझा हात हातात घेऊन कौतुकानं म्हणाली, “आता कसे पोरीसारखे हात झाले!” मी न्हाणीत जाऊन ऊर फुटेस्तोवर रडले. मग रोज दुपारी विटेचा तुकडा घेऊन तळवे घासत बसायला लागले, घट्टे जाऊ नयेत म्हणून. पट्टा निघाला. मान वळायला लागली. शिबिराची पुढची निवड दिवाळीनंतर होती. मी मनाशी ठरवलं आणि श्रावणात एका दुपारी, आई हार करत असताना, सांगूनही टाकलं की मी अमरावतीला जाणार आणि बारवर चढून बघणार.

आईच्या हातातली सुई थांबली. “डोकं ठिकाणावर हाय का तुयं?”

“नुसतं चढून बघते. एक झोका. जमलं तर जमलं.”

“आन नाही जमलं तं? तुले उचलायले मी जन्मभर बसू का?”

मला तेव्हा तोंडाचा पट्टा आवरत नसे. मी म्हटलं, “देव तारी त्याला कोण मारी, तूच म्हणतेस ना?”

“म्हणतो ना,” आई म्हणाली; आमच्याकडं बायाही ‘म्हणतो’च म्हणतात. “ पन जो सोताच विहिरीत उडी टाकते त्याले देवानं काय करावं?”

बाबा ओट्यावर बसून झेंडू निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. निवडता निवडताच म्हणाले, “सोमवारलोक थांब. कावड येऊ दे. मंग तुले जे करायचं ते कर.”

आमच्या अकोल्याची कावड ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजेश्वराला पूर्णा नदीचं पाणी वाहतात. गल्लोगल्लीच्या मंडळांची माणसं आदल्या दिवशी गांधीग्रामला नदीवर जातात, भांडी भरतात आणि कावडी खांद्यावर घेऊन पायी शहरात येतात. या भांड्यांना आमच्याकडं भरणे म्हणतात. मोठ्या मंडळांच्या कावडी शेकडो भरण्यांच्या असतात, आमच्या गल्लीची बेताची: दोन लांब बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, त्यांच्यावर ओळीनं बांधलेले भरणे, आणि दोन्ही बाजूंनी खांदे देणारी माणसं. नदीपासून देवळापर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. टेकली तर ते पाणी राजेश्वराला चालत नाही, असं आमच्या गल्लीत मानतात.

एवढा पल्ला एका खांद्यानं होत नाही. म्हणून वाटेत सारखी खांदेपालट चालते. पेपरात हा शब्द मंत्र्यांच्या नावानं येतो, पण खरी खांदेपालट बघायची तर कावडीची. तिचा एक नियम आहे, आणि तो आमच्याकडं लहान पोरांनाही ठाऊक असतो. मागून नवा माणूस येतो, आपला खांदा बल्लीखाली घालतो, “आलो” म्हणतो. तो आलो म्हणाला की जुन्यानं त्याच पावली निघून जायचं. मी अजून दमलो नाही, मी आणखी चार पावलं नेतो, असलं काही चालत नाही. दोन उंचीचे दोन खांदे एका जागी आले की बल्ली कलते आणि पाणी सांडतं. दरवर्षी कुणीतरी तालेवार हटून बसतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो.

माझ्या पायांसाठी बाबांनी त्या वर्षी अनवाणी कावड आणायचं राजेश्वराला कबूल केलं होतं. मला ते आईकडून कळलं. मला त्याचाही रागच आला. माझ्या नावानं परस्पर व्यवहार करणारे हे दोघं, बाबा आणि तो देव, कोण, असं वाटलं.

सोमवारी सकाळी मी आणि आई कावडीला सामोऱ्या गेलो. अकोट फैल या वस्तीच्या अलीकडं आमची कावड दिसली. रस्ता भगव्या रंगानं भरून गेला होता, पुढं ढोल, मागं ढोल, आणि मधूनमधून एकदम सगळा रस्ता ओरडायचा, “हर्र बोला महादेव!” कडेला टेबलं मांडून लोक चहा, केळी, साबुदाण्याची उसळ वाटत होते. बाबा पुढच्या टोकाला होते. एका पावलाला फडकं बांधलेलं, त्याला लाल डाग. आई “अहो, द्या आता कोनाले तरी” म्हणत बाजूनं चालायला लागली. मी पाण्याची पिशवी धरून तिच्या मागं. माझं लक्ष बाबांच्या पायाकडं नव्हतं हे कबूल करते. उद्याची कोणती बस धरायची याचा मी हिशेब करत होते.

पुढं रस्ता चिंचोळा होतो. तिथं मागच्या मोठ्या कावडीचा लोंढा आमच्यावर आला आणि आमच्या मंडळातली पालटायला चालणारी पोरं गर्दीत मागं रेटली गेली. आई पलीकडं ढकलली गेली. त्याच वेळी बाबांचा पाय केळीच्या सालीवर पडला. त्यांचा गुडघा वाकला, एक हात रस्त्याला टेकला, आणि बल्लीचं टोक खाली यायला लागलं. मागचे ओरडले. भरणे एकमेकांवर आपटले आणि थंड पाणी माझ्या तोंडावर उडालं. खाली बाबा होते, वर ते सगळं ओझं.

मी विचार केला नाही. केला असता तर कदाचित मागं सरले असते. पिशवी टाकली आणि खांदा घातला.

ओझं आलं. ते कसं आलं हे सांगता येत नाही. खांद्यावर आलं, मानेत शिरलं, आणि डॉक्टरांनी बोट ठेवलं होतं ती जागा मला आतून दिसली म्हणा ना. आमची बाजू सावरली. मागच्या माणसांना वाटलं, कुणीतरी आला. ते चालायला लागले, म्हणून मलाही चालावं लागलं. बाबा माझ्यामागं कुठंतरी पडले होते, मला वळून बघता येत नव्हतं. “हर्र बोला” चा गजर झाला. आणि माझ्या डाव्या करंगळीला मुंग्या आल्या. मग शेजारच्या बोटाला. मग तळव्याला.

मला कळलं, हेच ते. डॉक्टर म्हणाले होते, टाकून बस. पण टाकू कुणावर? मागं माणसं होती, खाली माणसं होती. आणि खरं सांगू का, नुसतं तेवढंच नव्हतं. इतक्या महिन्यांनी माझ्या अंगानं काहीतरी पेललं होतं. आत कुणीतरी म्हणत होतं, बघ, जमतंय, धरून ठेव. भीतीनं माझे दात वाजत होते आणि तरी मी आणखी घट्ट धरत होते. हाताचा अर्धा भाग बधिर झाला. डोळ्यांपुढं व्यायामशाळेचे पत्रे आले.

“आलो. सोड खांदा.”

आवाज कानाशी होता आणि बाईचा होता, जरा घोगरा. मला फक्त तिचा हात दिसला: काळा, रुंद, हिरव्या काचेच्या बांगड्या, मनगटावर गोंदलेलं. आमच्या कावडीला सहसा बाया खांदा देत नाहीत, तेव्हा हे काही मला खरं वाटलं नाही.

“नाही,” मी म्हटलं. “पडेल.”

“दोघीनं धरलं तं कलते, माहीत नाही का तुले? सोड.”

“मला सोडता येत नाहीये!”

माझ्या तोंडून हे असंच निघालं. ती हसली की काय कोण जाणे. तिचा दुसरा हात माझ्या पाठीवर आला, मानेच्या बरोबर खाली, आणि ती अगदी घरच्यासारखं म्हणाली, “सोड, बाई. मी आहो ना.”

मी सोडलं. वाकून बाहेर पडले, रस्त्याच्या कडेला चहाच्या टेबलाला धरून उभी राहिले. कावड पुढं गेली. मागून आई-बाबा आले; बाबा लंगडत होते, आईचा चेहरा पांढरा पडला होता. मी हात हलवून बघत होते. बोटं हलत होती. थोड्या वेळात मुंग्या ओसरल्या.

कावड पोहोचली, पाणी वाहिलं गेलं. संध्याकाळी मंडळाच्या माणसांना मी विचारलं, ती बाई कोण होती. एकजण म्हणाला, नदीकाठच्या वाघोलीकडची असेल. दुसरा म्हणाला, आपल्याकडं बाई होती कुठं? तिसऱ्यानं सांगितलं, पुढच्या चौकात मीच पालट केली, कुणाकडून खांदा घेतला ते गर्दीत पाहिलं नाही. बाबांना विचारलं तर पायाला हळद लावता लावता म्हणाले, “असन कोनी. कावडीले कोनीबी येते.” मला याहून जास्त काही कळलेलं नाही, आणि मी त्यावर वाद घालणार नाही.

आता तुम्हाला वाटेल, मी तिथंच शहाणी झाले. कसली होते! जित्याची खोड. त्या संध्याकाळी मी मनाशी उलटाच अर्थ लावला. एवढं ओझं मानेवर आलं आणि मी उभी राहिले, म्हणजे मान बरी झालीय. मुंग्या आल्या पण गेल्याच ना? म्हणजे राजेश्वरानंच हिरवा कंदील दाखवला. ज्याच्याशी महिनोन् महिने बोलत नव्हते त्याचा कौल मात्र मी माझ्या सोयीनं लावून घेतला. मंगळवारी सकाळी पिशवीत तळव्याचे पट्टे आणि सरावाचे कपडे घातले आणि निघाले. बाबांनी म्हटल्याप्रमाणे सोमवार झाला होता. ते दुखऱ्या पायानं गेटपर्यंत आले. आई ओसरीवरून उठली नाही. हार करता करता म्हणाली, “जाशील तं जाय. पन येशील तं चालत ये.”

बसमध्ये मला खिडकी मिळाली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. सगळा वेळ मी मनात तो एक झोका घेत होते, आणि प्रत्येक वेळी सुटायच्या जागी येऊन अडकत होते. आईचं वाक्य कानात होतंच. मी स्वतःला सांगत होते, ही भीती नाही, उत्साह आहे. अमरावतीला उतरून मावशीकडं न जाता सरळ व्यायामशाळेत गेले.

दुपारची वेळ मी मुद्दाम गाठली होती. सकाळच्या बॅच संपलेल्या असतात, सर जेवायला गेलेले असतात. गेटवरच्या काकांनी मला ओळखलं, बरी आहेस का विचारलं आणि आत सोडलं. हॉलमध्ये तोच वास होता, रबरी गाद्यांचा आणि चॉकच्या भुकटीचा. मी कपडे बदलले. पट्टे बांधले. हातांना भरपूर चॉक लावलं, टाळी वाजवून झटकलं. विटेनं घासलेले तळवे तयार होते. बारखाली जाऊन उभी राहिले आणि वर पाहिलं. हात वर करायचे आणि उडी मारायची, इतकंच बाकी होतं. मानेवरून घामाचा एक थेंब खाली जाताना मला जाणवला.

तेवढ्यात बारीक आवाज आला. “ताई...”

हॉलच्या पलीकडच्या टोकाला मुलांचा उंच बार आहे. त्याला एक मुलगी लटकत होती. आठ-नऊ वर्षांची असेल, निळी चड्डी, दोन वेण्या. खाली गादी नव्हती, नुसती फरशी. बाजूला एक उंच ठोकळा कलंडून पडला होता. मी पट्टे बांधण्यात गुंग असताना त्याच्यावर चढून तिनं बार धरला असणार आणि मग ठोकळा पायानं ढकलला गेला असणार. मला बघून ती आतापर्यंत गप्प राहिली होती, रागावतील म्हणून.

मी धावले. गाद्या भिंतीशी रचलेल्या होत्या आणि त्या ओढायला दोन माणसं लागतात. तेवढा वेळ नव्हता. तिची बोटं पांढरी पडली होती आणि एका हाताची करंगळी सुटलेली दिसत होती.

“मले उतरता येऊन नाही राहिलं,” ती म्हणाली आणि रडायला लागली. परतवाड्याची पोर, नंतर कळलं, वसतिगृहात नवीन आलेली.

मी खाली उभी राहिले. हात वर केले तर तिच्या मांड्यांपर्यंत पोहोचत होते. ती आपण होऊन सुटली तर मला तिला धरता येणार होतं. हात निसटून वेडीवाकडी पडली असती तर थेट माझ्या मानेवर, आणि मग दोघी फरशीवर. हे सगळं मला एका क्षणात लख्ख कळलं. मी म्हटलं, “हात सोड, मी धरते.” तिनं मान हलवली. “खाली बघू नकोस. सोड.” ती आणखी घट्ट धरायला लागली, डोळे मिटून, ओठ दाबून. ते तोंड मी ओळखलं. आदल्या दिवशी बल्लीखाली माझं तेच तोंड असणार.

“मले सोडता येत नाही!” ती किंचाळली.

त्या हॉलमध्ये मी इतकी वर्षं काढली, पण तिथं आम्ही घरची बोली बोलत नसू. बाहेरगावच्या मुली हसतील म्हणून जिभेला जपून वळण लावलेलं. त्या दिवशी ते वळण कुठं गेलं कोण जाणे. मी दोन्ही हात तिच्या मांड्यांपाशी नेले, पाय रोवले, आणि माझ्या तोंडून निघालं, “सोड, बाई. मी आहो ना.”

तिनं डोळे उघडले. आणि सोडलं.

ती सरळ माझ्या हातांत आली. गुडघे वाकवून मी तिला छातीशी घेतलं आणि हळूच फरशीवर उभी केली. वजन असं ते काय, फुलांच्या करंडीएवढं. मानेला धक्का नाही, बोटांना मुंग्या नाहीत. ती रडत रडत माझ्या कमरेला बिलगली आणि मग एकदम पळाली, पाणी प्यायला. पळताना तिची पाठ दिसली. काळ्या बनियनवर माझे दोन पंजे उमटले होते, पांढरेशुभ्र. मी माझे हात पाहिले. बारसाठी लावलेलं सगळं चॉक तिच्या अंगाला गेलं होतं.

मी तिथंच फरशीवर बसले आणि रडले. कशासाठी रडले ते नीट सांगते, कारण त्यात आनंद थोडा होता आणि दुःख जास्त. मला कळलं होतं की माझी पालट झालीय. आदल्या दिवशी त्या बाईनं सांगितलं ते कावडीपुरतं नव्हतं. मी दमले नव्हते, माझी हौस फिटली नव्हती, मला आणखी चार पावलं नव्हे, सगळा रस्ता न्यायचा होता. पण मागून कुणीतरी आलो म्हणालं होतं, आणि मी हटून बसले होते. पाणी सांडायचं तेवढं सांडलं होतंच.

सर जेवून आले. माझ्या अंगातले सरावाचे कपडे आणि हातातले पट्टे बघून दारातच थांबले. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता.

“चढलीस?”

“नाही सर.”

त्यांनी चष्मा काढून पुसला, उघड्या फरशीकडं आणि कलंडलेल्या ठोकळ्याकडं पाहिलं, काय घडलं असेल ते त्यांच्या लक्षात आलं असावं. “ती गादी ओढू लाग,” एवढंच म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून गादी ओढली आणि त्या बारखाली टाकली. त्यांनी जड बाजू स्वतःकडं घेतली.

परत आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. स्टँडवरून घरापर्यंत मी मुद्दाम रिक्षा केली नाही. आई ओसरीवर होती. तिनं आधी माझे पाय पाहिले आणि मग तोंड. सुईत दोरा ओवून सुई माझ्यापुढं धरली. “उद्याचा राजेश्वराचा राहिला हाय,” म्हणाली. मी हातपाय धुऊन बसले आणि तो हार केला. मऊ पडलेल्या बोटांना सुई दोनदा टोचली. मनात म्हटलं, बोलते रे बाबा आता तुझ्याशी. एवढं झाल्यावर कोण अबोला धरील!

त्याला आता काही वर्षं झाली. मी पुन्हा मावशीकडं राहते, संध्याकाळी लहान मुलींची बॅच घेते. घट्टे पूर्ण गेले; विटेचा तुकडा आईनं तुळशीत टाकला. कधी कधी मोठ्या मुली सराव करत असतात आणि बारचा तो ओळखीचा आवाज येतो, तेव्हा पोटात तुटतं. ते तुटायचं थांबेल असं मला वाटत नाही, आणि थांबावं असंही मी मागत नाही. मी देवाकडं एवढंच मागते की आलो म्हणणारा आवाज मला वेळेवर ऐकू यावा. आणि जे आपण घट्ट धरतो ते आपलं नसून त्याच्याकडं पोहोचवायचं पाणी आहे, हे माझ्या ध्यानात राहावं.

परतवाड्याची ती पोरगी आता दोन बारवर खेळते. मी खाली उभी असते. श्रावणात शेवटच्या सोमवारी मी अकोल्याला जाते, कावडीच्या बाजूनं पाण्याची पिशवी घेऊन चालते, खांदा देत नाही. हिरव्या बांगड्यांचा हात दिसला की तोंड बघते. अजून ती सापडलेली नाही. मंगळवारी परत हॉलमध्ये येते, बारवर कुणीतरी डोळे मिटून, ओठ दाबून घट्ट धरून असतं, आणि मी त्या बाईचेच शब्द वापरते. उसने घेतलेत. ज्याचे आहेत त्यानं अजून परत मागितलेले नाहीत.